खय्याम म्हणजे तंबू शिवणारा

नववीच्या उर्दूच्या तासाला मी दरवर्षी अरबी वजनावरचे व्यवसायवाचक शब्द शिकवतो. नज्जार म्हणजे सुतार, हद्दाद म्हणजे लोहार, खय्यात म्हणजे दर्जी. त्याच वजनावर खय्याम. हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘सर, उमराव जानवाले?’ संगीतकार खय्यामसाहेब मुलांना गाण्यांमुळे ठाऊक असतात, उमर खय्याम फारसे कुणाला ठाऊक नसतात. मग सांगावे लागते की खैमा म्हणजे तंबू आणि खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. यंदा एका मुलीने विचारले, ‘मग सर, तो दर्जी झाला की मेमार?’ मेमार, म्हणजे इमारत उभी करणारा, हा शब्द आदल्या दिवशीच झाला होता. मी म्हटले, तूच सांग. ती म्हणाली, ‘शिवतो दर्ज्यासारखा. पण लोक आत राहतात.’

तिचे उत्तर माझ्या डोक्यात राहिले, कारण त्या दिवसांत मी एका इराणी माणसाविषयी वाचत होतो जो खरोखरच दोन्ही होता. कैवान खुसरवानी. शिक्षणाने आणि पेशाने वास्तुरचनाकार, आणि त्याच वेळी इराणच्या शेवटच्या राणीचे, फराह पहलवींचे, पोशाख तयार करणारा कलावंत. फारसीत कैवान म्हणजे शनि ग्रह. आपल्याकडे मुलाचे नाव कुणी शनि ठेवणार नाही, इराणात ते मानाचे नाव आहे. १९७९च्या क्रांतीनंतर हा माणूस जलावतन झाला आणि पॅरिसमध्ये राहिला.

आपल्याकडे इराणचा विषय निघाला की दोनच चित्रे समोर येतात. एकात सत्तरच्या दशकातल्या तेहरानमधल्या आखूड झग्यातल्या मुली, दुसऱ्यात काळ्या चादरीतल्या बायका. समाजमाध्यमांवर ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे लिहून फिरवली जातात, आणि ती फिरवणाऱ्यांचा रोख बहुतेक वेळा इराणकडे नसून आपल्या मोहल्ल्याकडे असतो. खुसरवानींची गोष्ट या दोन्ही चित्रांत बसत नाही, म्हणून ती सांगावीशी वाटते. पण ती सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

इराणमध्ये कपडा हा सरकारचा विषय झाला तो रझाशाह पहलवीच्या काळात. १९२८ साली कायदा करून पुरुषांना युरोपीय कपडे आणि ‘पहलवी टोपी’ सक्तीची करण्यात आली. मौलवींना सूट होती, पण तीही सरकारी दाखला असेल तर. या टोपीला पुढे छज्जा होता. सजद्यात कपाळ जमिनीला टेकायचे तर छज्जा आडवा येणार, हे कुणालाही कळेल. १९३५ साली चारी बाजूंनी काठ असलेली युरोपीय हॅट आली. त्याविरुद्ध मशहदच्या गौहरशाद मशिदीत लोक जमले आणि त्या वर्षीच्या जुलैत मशिदीतच त्यांच्यावर गोळ्या चालल्या.

पुढच्या जानेवारीत बायकांची पाळी आली. ८ जानेवारी १९३६ रोजी तेहरानच्या अध्यापन विद्यालयातल्या समारंभाला शाहची बेगम आणि मुली उघड्या डोक्याने आल्या आणि चादर-हिजाबावर बंदी लागू झाली. मी बी.एड. झालेला माणूस आहे, त्यामुळे हा तपशील वाचताना थांबलो. असा हुकूम जाहीर करायला जागा निवडली ती शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेची. नोकरी करणारी मास्तरीण हुकूम मोडू शकत नाही, आणि तिने मानला की वर्गातल्या मुली मानतील, हा हिशेब. रस्त्यावर पोलीस बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणेच सोडले. हमामला जाण्यासाठीसुद्धा त्या बाहेर पडेनात.

१९४१ साली इंग्रज आणि रशियन फौजा इराणात शिरल्या आणि रझाशाहला गादी सोडावी लागली. त्याच्या परागंदा होण्याला आपल्या किनाऱ्याचाही एक तुकडा जोडलेला आहे. इंग्रजांनी त्याला ज्या जहाजावर चढवले त्याचे नाव होते ‘बांद्रा’. ते मुंबईजवळ आले, पण त्याला उतरू दिले नाही. समुद्रातच दुसऱ्या जहाजावर घालून मॉरिशसला पाठवले. १९४४ साली तो जोहान्सबर्गला मेला.

त्याचा मुलगा मोहम्मद रझाशाह गादीवर आला आणि चादरीची सक्तीची बंदी ढिली पडली. पण दरबारात काय चांगले आणि काय गावठी हे ठरवणारे गाव आता पॅरिस होते. १९५९ साली शाहने फराह दीबाशी लग्न केले. ती तेव्हा पॅरिसमध्ये शिकत होती, आणि काय शिकत होती, तर वास्तुकला. २१ डिसेंबर १९५९च्या निकाहासाठी तिचा पोशाख ‘दियोर’ या घराण्याने केला, आणि त्याचे रेखाटन करणारा पोरसवदा माणूस म्हणजे ईव्ह साँ लोराँ. १९६७ साली तिला मुकुट घातला गेला. त्याआधी इराणात राणीचा असा राज्याभिषेक झाला नव्हता. मुकुट घडवला तो पॅरिसच्या ‘व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स’च्या सोनारांनी. खजिन्यातली रत्ने देशाबाहेर नेता येत नसल्याने सोनारांना तेहरानला यावे लागले, एवढाच काय तो इराणचा मान.

अशा दरबारात खुसरवानी शिरले ते देशी कापड घेऊन.

ते ज्या पिढीतले, ती तेहरान विद्यापीठाच्या ललित कला विभागात तयार झाली. त्या विभागाचे प्रमुख राहिलेले हुशंग सेहून हे मोठे नाव. हमदानमधली इब्न सीनाची कबर, मशहदमधली नादिरशाहची कबर आणि नीशापूरमधली उमर खय्यामची कबर, या तिन्हींवरच्या आधुनिक इमारती त्यांच्या. नीशापूरला गेलात तर वर एकमेकांत गुंफलेल्या कमानींचा उंच मनोरा आणि खाली फिरोजी फरश्या लावलेले तंबूसारखे आकार दिसतील. कवीच्या नावातला खैमा त्यांनी दगडात आणला. सेहून विद्यार्थ्यांना घेऊन खेडोपाडी जात. मातीची घरे, वाळवंटाच्या काठची गावे, तिथली पाण्याची टाकी बसून काढायला लावत. पॅरिसच्या धर्तीवर चालणाऱ्या शाळेत मुलांनी स्वतःचा देश हाताने चितारावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १९७० साली इस्फहानला जगभरचे वास्तुरचनाकार परंपरा आणि तंत्रज्ञान या विषयावर जमले, त्यात अमेरिकेचे लुई कान होते. आपले जुने आणि नवे एकमेकांत कसे बसवायचे, हा त्या वेळच्या इराणी मेमारांपुढचा रोजचा प्रश्न होता. खुसरवानींनी तो कपड्यालाही विचारला. तेहरानमध्ये त्यांनी कपड्यांचे बुटीक चालवले आणि फराह पहलवींसाठी जे पोशाख केले त्यांत इराणच्या वेगवेगळ्या प्रांतांतले विणकाम आणि भरतकाम वापरले. राणी स्वतः वास्तुकलेची अर्धवट राहिलेली विद्यार्थिनी, आणि तिचा शिंपी वास्तुरचनाकार. दोघांना एकमेकांची भाषा कळत असणार.

त्यात सगळ्यांत देखणे काम बलुचिस्तानचे. बलुच बाईचा झगा सैल, पायघोळ आणि अंगाला न चिकटणारा. त्याच्यावर चार ठिकाणी भरतकाम असते. छातीवर एक मोठा तुकडा, दोन्ही बाह्यांच्या टोकांना दोन, आणि समोर कमरेपासून थेट खालच्या घेरापर्यंत जाणारा एक लांबच लांब खिसा, वरच्या टोकाला निमुळता. बाकी कापड साधे. भरणारी बाई कापडावर काही रेखाटत नाही. ताणा-बाणा मोजत सुई चालते आणि लाल, किरमिजी, नारिंगी, काळ्या, पांढऱ्या, हिरव्या धाग्यांतून चौकोन, त्रिकोण, पाने, तारे उमटत जातात. एका झग्याच्या चार तुकड्यांना महिनेच्या महिने लागतात. हे तुकडे वेगळे भरतात आणि मग झग्यावर टाके घालून लावतात. झगा विरला की तुकडे उसवून नव्या झग्याला लागतात. आपल्याकडे जुन्या पैठणीचे काठ नव्या कापडाला लावतात तसेच. माझी अम्मी ओढणी फाटली तरी तिचा गोटा उसवून संदुकीत ठेवायची. धाकट्या बहिणीच्या लग्नात तो तिसऱ्यांदा वापरला गेला.

आता हाच झगा मेमाराच्या नजरेने बघा. इस्फहानच्या मशिदींवरचे जे फरश्यांचे नक्षीकाम आहे, त्यातला उत्तम प्रकार म्हणजे मुअर्रक. रंगीत फरशीचे बारीक तुकडे कापून ते जमिनीवर उलटे मांडायचे, मागून चुन्या-गिलाव्याने एकत्र धरायचे आणि तयार झालेला तक्ता उचलून भिंतीत बसवायचा. भिंत बांधणारा वेगळा, तक्ता करणारा वेगळा. भिंतीचा बराच भाग साध्या विटेचा राहतो आणि नक्षी येते ती नेमक्या जागी, दरवाजावर, कमानीत, घुमटाच्या गळ्याशी. बलुच झग्याचा हिशेब हाच आहे. पॅरिसमध्ये शिकलेला शिंपी असे भरतकाम पाहून त्याचे गजावर माप घेईल, कापेल, वाटेल तिथे जोडेल. इमारतीचा आराखडा काढणारा माणूस आधी विचारतो की हा तुकडा मुळात कुठे बसतो आणि तिथेच का. फराह पहलवींच्या त्या काळातल्या छायाचित्रांत पायघोळ, उभ्या रेषेचे झगे दिसतात. कापड साधे, आणि छातीवर, बाहीच्या टोकाला, समोरून खाली उतरणाऱ्या पट्ट्यात भरगच्च भरतकाम. त्यांच्याकडे बघताना मला बलुच झग्याची जागांची समज त्यात शाबूत दिसते. हे माझे मत. कपड्यांतले जाणकार वेगळे सांगतील.

या कामात खुसरवानी एकटे नव्हते. मेहर मुनीर जहानबानी या बाईंनीही बलुच भरतकाम तेहरानच्या उच्चभ्रूंपर्यंत नेले. १९६०च्या दशकात सरकारने हस्तकलांसाठी स्वतंत्र संस्था काढली होती. गावातल्या कामाला मागणी आली, दाम आले. ज्या बायका स्वतःच्या आणि मुलींच्या अंगासाठी भरत होत्या त्या आता न पाहिलेल्या बाईच्या झग्यासाठी भरू लागल्या.

आणि इथेच या गोष्टीतला सल आहे. राणीच्या फोटोखाली राणीचे नाव असते. झगा कुणी आखला ते शोधले तर सापडते. सुई कुणी चालवली, ते बहुतेक वेळा सापडत नाही. एक नाव मात्र टिकले आहे: बमपूरजवळच्या कासिमाबाद गावची महताब नौरोजी. बलुच सुईकामातली ती उस्ताद. फराह पहलवींच्या पोशाखांवरचे काम करणारी म्हणून आजही तिचे नाव घेतले जाते. तिच्या शेजारी बसून भरणाऱ्या बाकीच्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. बलुचिस्तान तेव्हाही इराणचा सर्वांत गरीब कोपरा होता. लोक सुन्नी, भाषा वेगळी, पाण्याचे आणि शाळांचे हाल. त्या प्रांताचे भरतकाम राजवाड्यात शिरले, खुद्द प्रांत मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला. खुसरवानींना यासाठी दोषी धरावे असे मला वाटत नाही. त्यांनी त्या सुईची किंमत ओळखली, जी आधीच्या दरबाराने ओळखली नव्हती. पण राजाच्या आश्रयाने कलेचे भले होते असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा कलेचे आणि कारागिराचे भले यांत किती अंतर पडू शकते ते बमपूरच्या रस्त्यावर दिसते.

दरबाराचा कल कुठे होता हे १९७१च्या ऑक्टोबरात जगाने पाहिले. इराणी बादशाहीची अडीच हजार वर्षे साजरी करण्यासाठी शाहने तख्त-ए-जमशीदच्या, म्हणजे पर्सेपोलिसच्या, अवशेषांशेजारी पाहुण्यांसाठी तंबूंचे गाव वसवले. पन्नासच्या आसपास तंबू. ते पॅरिसच्या ‘जान्सन’ या घर सजवणाऱ्या पेढीने केले. जेवण पॅरिसच्या ‘मॅक्झिम्स’चे. दरबाऱ्यांचे गणवेश पॅरिसच्या ‘लान्व्हाँ’चे. खय्यामच्या देशात तंबू पॅरिसहून आले! इराकातल्या नजफमध्ये हद्दपारीत बसलेल्या आयतुल्लाह खोमेनींनी या जलशावर कडाडून टीका केली, आणि ती ऐकणाऱ्यांना त्यात धर्माइतकीच भाकरीही दिसली. त्याच उत्सवाच्या निमित्ताने तेहरानमध्ये पांढऱ्या संगमरवराचा शाहयाद मनोरा उभा राहिला. तो हुसैन अमानत या पंचविशीत पोहोचत असलेल्या तरुण मेमाराचा, त्याची रेखाटने घरचीच. एकाच सोहळ्यात हे दोन्ही होते.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. खोमेनी १९७८ साली नजफहून निघाले आणि पॅरिसजवळच्या एका गावात येऊन बसले. १६ जानेवारी १९७९ रोजी शाह आणि फराह इराणातून बाहेर पडले, १ फेब्रुवारीला खोमेनी तेहरानला उतरले. महिनाभरात सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांनी हिजाब घालून यावे अशी भाषा सुरू झाली, आणि ८ मार्चला हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. त्यांत शाहविरुद्ध मोर्चे काढलेल्या होत्या. शाहच्या विरोधाची खूण म्हणून आदल्या वर्षी आपणहून चादर घेतलेल्याही होत्या. १९८३ साली उघड्या डोक्याने फिरणाऱ्या बाईला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षेचा कायदा झाला. आजोबांच्या वेळी ज्या चौकात चादर ओढली जात होती, तिथेच आता नसलेली चादर शोधली जाऊ लागली. आज्ञा उलटी झाली, देणारा तोच राहिला: गणवेशातला पुरुष.

मेमारांची एक अख्खी पिढी देशाबाहेर गेली. अमानत बहाई होते, ते कॅनडाला गेले. त्यांच्या मनोऱ्याचे नाव बदलून आझादी झाले आणि तो तिथेच उभा आहे. तेहरानचे समकालीन कलेचे संग्रहालय बांधणारे कामरान दीबा, फराह यांचे चुलतभाऊ, बाहेर पडले. सेहून २०१४ साली व्हँकुव्हरला वारले. इब्न सीना आणि खय्याम त्यांनी बांधलेल्या छपराखाली आहेत, ते स्वतः परमुलखात. खुसरवानी पॅरिसला. इमारत बांधणाऱ्याची जलावतनी इतरांहून वेगळी असते असे मला वाटते. शायर आपला शेर तोंडपाठ घेऊन सरहद्द ओलांडतो, गवय्या गळा घेऊन जातो. मेमाराला आपले काम मागे सोडूनच जावे लागते. कपडा तरी घडी करून नेता येतो म्हणावे, तर तेही झाले नाही. राणी थोडक्या सामानानिशी निघाली, आणि वाडे त्यांतल्या कपाटांसकट नव्या राजवटीच्या ताब्यात गेले.

२०२२ साल आपल्याला आठवत असेल. फेब्रुवारीत कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजांच्या फाटकावर मुलींना, काही ठिकाणी शिक्षिकांनाही, हिजाब उतरवून आत जायला लावले गेले. सप्टेंबरात तेहरानमध्ये महसा अमिनी ही कुर्द मुलगी हिजाब नीट नसल्याच्या कारणाने पोलिसांनी नेली आणि कोठडीतून इस्पितळात जाऊन मेली. इराणभर बायका रस्त्यावर आल्या. त्या दोन्ही वेळी आमच्या शिक्षकांच्या खोलीत वाद झाले, आणि गंमत म्हणजे पहिल्या वेळी ‘मुलीला ठरवू द्या’ म्हणणारे काहीजण दुसऱ्या वेळी गप्प होते, आणि उलटही. ३० सप्टेंबरला जुम्याच्या नमाजनंतर बलुचिस्तानच्या जाहेदान शहरात सुरक्षा दलांनी गोळीबार केला, त्यात डझनावारी बलुच मेले. पुढे कित्येक शुक्रवारी तिथे लोक निघत राहिले. त्या मोर्च्यांच्या चित्रणांत काळ्या चादरीतल्या बलुच बायका आहेत. चादरीखालून झग्याच्या बाहीचे टोक दिसते, लाल-किरमिजी.

तेहरानच्या उत्तरेला सादाबादच्या जुन्या राजवाड्यांच्या संकुलात राजघराण्याच्या कपड्यांचे संग्रहालय आहे. राणीचे झगे काचेमागे उभे आहेत. पाहायला शाळांच्या सहली येतात, कायद्याने डोकी झाकलेल्या मुली काचेशी नाक लावून बघतात. बलुचिस्तानात एव्हाना त्या वयाचे झगे विरून गेले असतील, आणि त्यांच्यावरचे तुकडे उसवून मुलींच्या, नातींच्या झग्यांना लागले असतील. सादाबादमधले तुकडे मात्र जिथे लावले तिथेच आहेत.